मंगलनं मागितलेली दहा मिनिटं

बसा, बसा. मागे दाराशी उभे आहात त्यांनी पुढे या, इथे दोन रांगा मोकळ्या आहेत. अनिलराव, तुम्ही असे पंख्याखाली या बरं.

एवढ्या उन्हाचे तुम्ही सगळे आलात. कारेलीबागेतली मंगलच्या सोसायटीची मंडळी दिसताहेत, आमचा स्टाफ आहे, संस्थेचे विश्वस्त आहेत. पाद्र्याहून दोन-तीन घरं आली आहेत. त्यांचं माणूस आमच्याकडे वारलं तेव्हा मंगल उशाशी होती, म्हणून आली आहेत. मी नलिनी. पाद्रा रस्त्यावर आमचं हॉस्पिस आहे, तिथली मुख्य सिस्टर. नऊ वर्षं मंगल माझ्या हाताखाली होती. मला भाषण येत नाही. मला ओरडता येतं, विचारा या पोरींना. गेले बारा दिवस मी ओरडलेसुद्धा नाही. तेव्हा आज जे तोंडातून येईल ते ऐकून घ्या. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

आधी तो बाहेरचा बोर्ड. आत येताना वाचलात ना सगळ्यांनी? "अल्पशा आजाराने दुःखद निधन." अल्पशा? अहो, दोन वर्षं आजारी होती ती! दोन वर्षं आमच्या डोळ्यांदेखत आजारी होती. आम्ही कोण? नर्सा! माणसाच्या नखाचा रंग बघून सांगतो आम्ही, आज की उद्या. आणि आमच्याच शेजारी उभी राहून चहा पिणारी बाई आजारी आहे, ते आम्हाला दिसलं नाही. दिसलं नाही हेही खोटंच. दिसलं. आम्ही बघितलं नाही.

मंगलनं स्वतःचा जीव दिला. तिच्या नवऱ्याला, अनिलरावांना विचारून बोलते आहे मी हे. काल त्यांच्या घरी गेले होते. ते म्हणाले, "ताई, लपवू नका. आमच्या घरानंही लपवलं, तुमच्या संस्थेनंही लपवलं, आणि तिनंही." तेव्हा आता लपवायचं नाही. कसं, कुठे, काय सापडलं, हे मला कुणी विचारू नका. गेल्या बारा दिवसांत नको तितक्या लोकांनी विचारलं. तुम्हाला करायचंय काय ते ऐकून? विचारायचंच असेल तर असं विचारा, की तुम्ही दोन वर्षं काय करत होतात?

सांगते काय करत होतो ते.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्याकडे येणारा पेशंट बरा व्हायला येत नाही. इलाज संपलेला असतो. त्याला दुखू नये, अंगाला वास येऊ नये, तहान लागली तर कुणी ओठ ओले करावेत, आणि जाताना कुणी हात धरलेला असावा, एवढ्यासाठी आम्ही. आणि ह्या हात धरण्यात मंगल फार चांगली होती. मी किती जणींना शिकवलं, पण ते शिकवून येत नाही. तिचे हात थंडही नसायचे, गरमही नसायचे. ओरडणारा माणूस तिच्या हाताखाली शांत व्हायचा. केस विंचरायची ती पेशंटचे. शेवटच्या दिवशीसुद्धा. म्हणायची, "ताई, नातवंडं बघायला येतील ना, आजी नीट दिसायला हवी."

मग काय झालं? आम्हाला सोय सापडली! आमच्या ड्यूटीरूममध्ये एक फळा आहे. डावीकडे बेडचा नंबर, उजवीकडे सिस्टरचं नाव. रोज सकाळी मी लिहिते. ज्याचे शेवटचे तास आले असं डॉक्टर म्हणतील, त्या बेडपुढे मी मंगलचं नाव लिहायला लागले. पहिल्यांदा कधी लिहिलं आठवत नाही. पण मग तेच झालं. सात नंबर, मंगल. बारा नंबर, मंगल. बाकीच्या पोरींना बरं वाटायचं. मला बरं वाटायचं, कारण तक्रार यायची नाही. घरच्यांना तर काय, ते नाव घेऊनच मागायचे. "मंगलबेन छे ने? मंगलबेनने ज मोकलजो." मंगलबेनलाच पाठवा. आणि मी पाठवायचे. भाजीबाजारात ओळखीच्या बाईकडून भाजी घ्यावी तसं तिच्याकडून आम्ही ते काम करून घेतलं.

आठवड्यात दोन गेले तर दोघांना मंगल. चार गेले तर चौघांना मंगल. मी कधी म्हणाले का, की बाई गं, आज तू नको, आज तू औषधांची ट्रॉली घे? नाही म्हणाले. म्हणाले काय, तर "तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही गं." मला वाटायचं मी कौतुक करते आहे.

आता दहा मिनिटांचं सांगते. हे सांगायलाच मी उभी आहे.

पेशंट गेला, घरचे त्याला घेऊन गेले, की आमच्याकडे नियम आहे. अर्ध्या तासात बेड तयार. गादी पुसायची, चादर घालायची, पायाकडचं नावाचं कार्ड काढून नवं लावायचं. कारण बाहेर दुसरं घर थांबलेलं असतं, गाडीत कण्हणारा पेशंट असतो. नियम वाईट नाही. ज्याच्या घरचं माणूस गाडीत कण्हत असेल त्याला विचारा. पण तो बेड तयार कोण करायचं? जिनं हात धरला होता तीच. हे कुठे लिहिलेलं नाही. तशी पद्धत पडली. हातातला हात गार झाला, मंगलनं तो खाली ठेवला, आणि त्याच हातानं फिनेलचं फडकं उचललं.

एकदा, सातव्या बेडवरच्या एक गुजराती आजी, आमच्या बा, गेल्या. सहा आठवडे होत्या आमच्याकडे. मंगलला "दीकरी", लेक म्हणायच्या, स्वतःच्या मुलीचं नाव विसरल्या होत्या पण हिला ओळखायच्या. त्यांना घेऊन गाडी फाटकाबाहेर गेली आणि मंगल माझ्या टेबलाशी आली. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, दहा मिनिटं बसू का मी? दार लावून?"

दहा मिनिटं! रजा नाही मागितली. बदली नाही मागितली. तिला म्हणाले मी, "आधी बेड लावून घे गं, मग बस." ती "हो ताई" म्हणाली आणि गेली. बेड लागला, नवा पेशंट आला, त्याचं दुखणं सुरू झालं, मग बसायचं राहिलंच. त्यानंतरही तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच म्हणाले. आधी बेड. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही, आणि मी मनात म्हटलं, चला, तयार झाली पोरगी.

आणि बसणार तरी कुठे होती? आमची एक खोली होती, जिन्याखाली. दोन खुर्च्या, एक खिडकी, चहाचा स्टोव्ह. तिथे आम्ही रडायचो, आलटून पालटून. कुणी विचारायचं नाही. ती खोली गेली. कशासाठी गेली? देणगीदार कक्षासाठी. आता तिथे सोफा आहे, एसी आहे, भिंतीवर पाट्या आहेत. वर्षातून आठ-दहा वेळा उघडतात. विश्वस्तसाहेब, तुम्ही मान खाली घालू नका, ऐका. फीत कापायच्या दिवशी ताट माझ्याच हातात होतं. मी हसत उभी होते.

आता मी जे सांगणार आहे ते आमच्या स्टाफला माहीत आहे. बाकीच्यांना नाही. त्यांना हसू येईल कदाचित. आम्हालाही आलं होतं.

पेशंट गेला की काही वेळानं हनुवटी खाली पडते, तोंड उघडं राहतं. घरच्यांना ते बघवत नाही. म्हणून आम्ही लगेच एका रुमालाची घट्ट गुंडाळी करतो आणि हनुवटीखाली ठेवतो. मंगल हे झोपेतही करू शकली असती, इतकी सवय. तर एका दुपारी ती ड्यूटी करून घरी गेली. सासूबाई जेवून कॉटवर आडव्या झाल्या होत्या, डोळा लागला होता, तोंड थोडं उघडं. मंगलनं पर्स ठेवली, हात धुतले, टॉवेलची गुंडाळी केली आणि त्यांच्या हनुवटीखाली ठेवली. मग त्यांचे केस सारखे करायला लागली. सासूबाईंना जाग आली. घरात जो आरडाओरडा झाला, विचारू नका. "मला मेलेली समजतेस? वाट बघतेस काय माझ्या जाण्याची?" चार दिवस म्हातारीनं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

मंगलनं हे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं. आम्ही हसलो. अहो, पोट धरधरून हसलो! आमच्या दक्षा सिस्टरला तर ठसका लागला. सगळ्यात मोठ्यांदा कोण हसलं? मी. मी म्हणाले, "अगं बाई, आता अनिलरावांना सांभाळून झोपायला सांग." आणि मंगलही हसली. पण ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, "ताई, मला खरंच वाटलं होतं." आम्ही अजून हसत होतो. "मला खरंच वाटलं होतं ताई, की त्या गेल्या. आणि मला काहीच वाटलं नाही. मला वाटलं, आता बेड लावायचा."

हे वाक्य तिनं म्हटलं तेव्हा माझ्या हातात कप होता. मी तो विसळून ठेवला आणि राउंडला गेले.

काय करायला हवं होतं मी? तिथल्या तिथे तिचा हात धरायला हवा होता. परक्याचा धरतो ना? तिचा कुणी धरला नाही. दर शनिवारी आम्ही सगळ्या जणी लारीवर, त्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवर, शेवउसळ खायला जायचो. तिखट तर्री वरून मागून घेणारी बाई ती. ती डिश पुढे घेऊन नुसती बसायला लागली. म्हणाली, चव लागत नाही. आम्ही म्हणालो, अॅसिडिटी असेल. घ्या! तीस-तीस वर्षं काम केलेल्या नर्सा आम्ही, आणि आमचं निदान अॅसिडिटी!

अनिलरावांना मात्र कळलं होतं. ते तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे, नैराश्याचा आजार. याला औषध आहे. औषधानं माणसं बरी होतात, पण औषध नेमानं घ्या आणि दीड महिना हे काम बंद ठेवा. चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मंगलनं माझ्याकडे आणली. मी ऑफिसात नेली. ऑफिसात मला काय विचारलं सांगू? पहिला प्रश्न हा, की तिच्या जागी कोण? आणि दुसरा प्रश्न, आवाज खाली करून, "पेशंटच्या नातेवाइकांना हे कळणार नाही ना?" म्हणजे पाय मोडला असता तर कळलं असतं तरी चाललं असतं. मन मोडलं म्हटल्यावर संस्थेची अब्रू!

मी भांडायला हवं होतं. मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे. चादरींसाठी भांडले, पाण्याच्या टाकीसाठी भांडले. मंगलसाठी भांडले नाही. तिला सांगितलं, "दिवाळी होऊ दे, मग बघू. तोवर औषध घे." औषधानं तिला सकाळी गुंगी यायची. गुंगीत इंजेक्शनच्या डोसात चूक होईल म्हणून घाबरून तिनं ते औषधच सोडलं. डॉक्टरांना न विचारता. पेशंटला त्रास नको म्हणून. ती रजेवर असती तर गुंगीनं काय बिघडणार होतं? झोपली असती घरी!

माझे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, वडील कचेरीत. आमच्या घरी एकच शिकवण, काम आधी, आपलं दुखणं मग. मी तीच इथे आणली आणि तिला शिस्त म्हटलं. तेव्हा फक्त विश्वस्तांवर ओरडून माझी सुटका नाही. फळ्यावर नाव माझ्या अक्षरात होतं.

पण विश्वस्तही सुटत नाहीत हां. संस्थेनं काहीच केलं नाही असं नाही. केलं की! एक व्याख्यान ठेवलं. "सकारात्मक विचारांची शक्ती." ड्यूटी संपल्यावर, म्हणजे घरी जायच्या वेळेला. पाहुण्यांनी पडद्यावर सूर्योदय दाखवला, कमळं दाखवली. सगळ्यांनी डोळे मिटून गालात हसा म्हणाले. मंगल माझ्या शेजारी होती. त्या दिवशी सकाळी तिच्या हातात तीन वर्षांचं मूल गेलं होतं. तिनं डोळे मिटले, आणि सांगितलं म्हणून हसली. नंतर सगळ्यांना गुलाबाचं एकेक फूल दिलं. तिनं ते अकरा नंबरच्या आजोबांच्या पाण्याच्या ग्लासात ठेवलं.

आणि तुम्ही, बाहेरचे सगळे! "तुम्ही तर देवीचं रूप." "तुम्ही काय जिगर ठेवता हो, आम्हाला तर बघवणार नाही." तुम्हाला बघवत नाही म्हणून आम्ही बघायचं, आणि आम्हाला बघवेनासं झालं की आम्ही कुणाला सांगायचं? देवी म्हटलं की तिला विचारावं लागत नाही, बाई तू जेवलीस का, झोप लागते का. मंगल देवी नव्हती. बाई होती. तिला मोठ्या आवाजाची भीती वाटायची. मुलीची परीक्षा असली की हिच्याच पोटात दुखायचं.

मघाशी साहेबांनी जाहीर केलं, की स्त्रियांच्या वॉर्डाला मंगलचं नाव देणार, तिचा फोटो लावणार. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, सभा तशी नाही म्हणून, पण माना हलवल्या. साहेब, हात जोडून सांगते, नको. नाव नको. फोटो नको. आम्हाला रोज त्या फोटोखालून जायला लावू नका. जिन्याखालची खोली परत द्या. सोफा राहू दे, आम्हाला चालेल. पाट्या काढा. आणि महिन्यातून दोनदा मनाचे डॉक्टर येऊ देत, पेशंटसाठी नाही, आमच्यासाठी. ड्यूटीच्या वेळात. आणि कुणी त्यांच्या दारात बसलेली दिसली तर तिची चर्चा व्हायची नाही. एवढं जमत असेल तर म्हणा, मंगलला श्रद्धांजली वाहिली. जमत नसेल तर हार काढून घ्या त्या फोटोवरचा.

आता शेवटचं. हे सांगायला मला लाज वाटते.

मंगल गेल्याच्या चौथ्या दिवशी नऊ नंबरच्या काकांचे शेवटचे तास आले. मी फळ्याशी गेले, खडू उचलला आणि नऊ नंबरपुढे नाव लिहिलं. दक्षा. का, तर मंगलच्या खालोखाल हिचा हात चांगला. पाचव्या दिवशी तीन नंबरपुढे लिहिलं, दक्षा. सातव्या दिवशी, दक्षा. अहो, राख गार झाली नव्हती! आणि काल संध्याकाळी हीच दक्षा माझ्या टेबलाशी आली. तिच्याकडचा पेशंट गेला होता, गाडी निघून गेली होती. नुसती उभी राहिली. मी वर न बघता म्हणाले, "बेड झाला का?"

तेवढं तोंडातून गेलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

म्हणून आज सकाळी इथे येण्याआधी मी ड्यूटीरूममध्ये जाऊन फळा पुसला. ओल्या फडक्यानं, सगळा. आता शेवटच्या तासांचा बेड पाळीनं. पहिलं नाव मी माझं लिहिलंय. जिनं हात धरला ती बेड लावणार नाही, दुसरी लावेल. उशीर होईल. दहा मिनिटं उशीर होईल. ज्या घरचे बाहेर थांबले असतील त्यांच्यापुढे मी स्वतः जाऊन उभी राहीन आणि सांगीन, थांबा, आमची एक बाई आत बसली आहे. शिव्या दिल्या तर मी खाईन. सवय आहे मला.

आणि तुमच्यापैकी कुणी, स्टाफमधली असो, सोसायटीतली असो, कुणाचीही सून, कुणाचाही मुलगा, असं चव न लागता बसलं असेल, तर आजच कुणाला तरी सांगा. मला सांगा. अकोट्याला माझं घर सगळ्यांना माहीत आहे. मी डॉक्टरांकडे बरोबर येते, बाहेर बाकावर बसते. मंगल बरी होण्यासारखी होती. हे मी नर्स म्हणून सांगते आहे.

शोकसभेत दोन मिनिटं उभं राहतात. आज तसं करू नका. उभ्या राहून राहून आमचे पाय गेलेत. आज आपण बसायचं आहे, आणि दोन नाही, दहा मिनिटं. मोबाइल बंद करा. ज्यांना जायची घाई असेल त्यांनी आत्ताच जा, मी रागावणार नाही. मधे कुणी उठायचं नाही. रडू आलं तर रडा, नाही आलं तर नुसते बसा. तिनं तीनदा मागितली ती ही दहा मिनिटं, तिला द्यायला उशीर झालाय, तिच्या उपयोगाची नाहीत आता. मंगल, मला माफी मागायचं तोंड नाही गं. नमस्कार करते तुला.

कुणीतरी ते दार लावून घ्या.

दक्षा, तू का उभी तिकडे भिंतीशी? पाण्याचे ग्लास राहू देत, कुणी तहानेनं मरत नाही. ठेव तो ट्रे खाली. इकडे ये, ही माझी खुर्ची घे. बेड मग. आधी तू बस.